आईस, आईस, आई

ताईला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या भाषेतल्या एका काळावर तिचा हात असा बसला होता की भल्याभल्या प्राध्यापकांनी तिच्यापुढे पाटी पुसून बसावं. आणि काळ तरी कुठला? रोजच्या बोलण्यातला, बाजारहाटाला उपयोगी पडणारा नव्हे. 'अपूर्ण भूतकाळाचा इच्छार्थ' असं त्याचं हातभर नाव. त्यानं यावं असं तिला वाटत होतं, त्यांनी बोलावं अशी आमची इच्छा होती, अशा मनातल्या मनात राहून गेलेल्या गोष्टींसाठी केलेला हा काळ. खुद्द फ्रेंच माणसंही म्हणे आता तो तोंडात धरत नाहीत. जुन्या ग्रंथांत आणि परीक्षेच्या पेपरात तेवढी त्याची धुगधुगी शिल्लक.

ताई होती छापखान्यात, मुद्रितशोधक. जुळाऱ्यांनी एकेक खिळा जुळवून कच्चं पान छापून दिलं की त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. खोली जिन्याखालची, उतरत्या छताची. उंच माणूस उठताना हमखास डोकं आपटून घ्यायचा. ताई बुटकी, त्या छताखाली बेतून शिवल्यासारखी बसायची. "तुम्ही वर जाणार कशा, इथं मावता ना," असं लोक गमतीनं म्हणत, आणि तीस वर्षांत ती गंमत खरी झाली होती.

समोर बसायचे लवंगकाका. दिवसभर मोठ्यानं वाचून घसा बसायचा म्हणून गालात सतत लवंग. लेखकाचं हस्तलिखित त्यांच्या हातात, छापलेलं प्रूफ ताईच्या. ते वाचणार, ही पडताळणार. परक्या भाषेचं पुस्तक आलं की दोघंही सारखेच अडाणी, म्हणून मग अक्षरन् अक्षर वाचायचं, आणि अक्षरांवरच्या खुणांना आपली घरगुती नावं. उजवीकडे कललेली रेघ ती उजवी काडी, डावीकडची ती डावी काडी, खाली लोंबतं ते शेपूट आणि डोक्यावर बसते ती टोपी. "ई, उजवी काडी. सी, शेपूट. ए, टोपी. टी," असं लवंगकाकांचं दुपारभर चालायचं. एकदा बाहेर बसलेल्या एका लेखकानं शिपायाला विचारलं होतं, "आत माकडाचा खेळ चाललाय का?"

तर त्या इच्छार्थाच्या तक्त्यात सहा ओळी असतात. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. त्यातल्या तिसऱ्या ओळीतल्या 'तो'च्या डोक्यावर टोपी हवीच हवी. टोपी पडली की अर्थ बदलतो, इच्छा उडते, नुसतं घडून गेलेलं उरतं. जुळाऱ्यांच्या खणात टोपीवाली अक्षरं थोडी. ती संपली की ते बिनटोपीचं अक्षर बसवून गप्प राहायचे, वाटायचं कोण बघतंय. ताई बघायची. पान हातात आलं की तिची नजर आधी तिसऱ्या ओळीवर जायची, जणू घरातली सगळी पोरं आली का ते मोजतेय.

ही विद्या तिला आली कुठून? राघूमुळे.

राघू तिचा धाकटा भाऊ. खरं नाव वेगळं, पण जे ऐकेल ते पाठ म्हणण्याची खोड पाहून वडिलांनी राघू म्हणायला सुरुवात केली ती कायमची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घर चालवायला कुणीतरी हवं होतं आणि शिकायलाही कुणीतरी हवं होतं. कुणी काय करायचं ते ठरलं. ठरवताना ताईला कुणी विचारलं नाही. आठवीचं पुस्तक तिनं अर्ध्यात मिटलं, पुढं दोन वर्षांनी छापखान्यात लागली, आणि संध्याकाळी एका हातानं भाजी हलवत दुसऱ्या हातात राघूचं व्याकरण धरून त्याच्याकडून म्हणून घ्यायला लागली. शाळेत फ्रेंच घेतलेला तो गल्लीतला एकटाच, त्यामुळे घरात त्याचा तोरा मोठा.

त्यातली एक गंमत तर ऐकण्यासारखी. 'जाणे' या क्रियापदाचं रूप त्या काळात म्हटलं की ऐकू येतं 'आलास, आलास, आला'. म्हणजे अर्थ जाण्याचा आणि कानाला येण्याचा. राघू डोळे मिटून मोठ्यानं घोकायचा, "आलास, आलास, आला," आणि कामावरून परतलेले वडील दारात बूट काढता काढता म्हणायचे, "आलो रे बाबा, आलो. रोज एवढी दवंडी कशाला?" पलंगावरून आईचं हसू ऐकू यायचं. त्या घरात हसायची निमित्तं तशी मोजकीच, त्यातलं हे एक नेमानं होणारं.

त्याच दिवसांत कधीतरी राघू म्हणाला होता, "ताई, माझं पुस्तक निघेल ना, त्याच्या पहिल्या पानावर तुझं नाव घालीन. मोठ्या अक्षरात."

तेरा वर्षांच्या पोराचं बोलणं ते, वाऱ्यावर जायचं. ताईनं मात्र ते पदरी बांधलं. पुढं छापखान्यात शेकडो पुस्तकं तिच्या डोळ्यांखालून गेली. लेखकाचं नाव, प्रकाशकाचं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं, एका पुस्तकात तर लेखकाच्या मांजराचंही. चुका वेचणाऱ्या बाईचं नाव कुठंच नसायचं. ताई ती पानं तपासून पुढं सरकवायची आणि मनात म्हणायची, राघूचं येऊ दे.

आणि आलं की. राघू आता फ्रेंचचा प्राध्यापक, विभागप्रमुखाच्या जागेसाठी उभा, आणि त्या जागेसाठी नावावर एक पुस्तक हवं म्हणून त्यानं तीनशे क्रियापदांचे तक्ते लिहून काढले. ताईच्याच छापखान्यात दिले. "ताई आहे म्हटल्यावर मला बघायलाही नको," असं तो छापखान्याच्या साहेबांना म्हणाला, तेव्हा जिन्याखाली ताईनं चष्मा दोनदा पुसला.

आभाराचं पान आलं. चौदा नावं. राघूचे गुरू, कॉलेजचे प्राचार्य, ग्रंथपाल, भावजय, भावजयीचे वडील. लवंगकाकांनी चौदाही वाचली, पान उलटून मागं पाहिलं, आणि लवंग या गालातून त्या गालात नेली.

"इथं काही राहिलंय का हो, ताई?"

"त्यात नसेल. वेगळं घालणार असेल तो."

संध्याकाळी तिनं राघूला विचारलंच, पण आडून. "आभाराचं पान बंद करू ना रे?"

"कर की." मग त्याच्या लक्षात आलं. "अगं, तुझं मी त्या गर्दीत घालणार नाहीये. तुझं शेवटी, स्वतंत्र. 'मुद्रितशोधन' म्हणून आख्खी ओळ. शेवटच्या प्रुफात घालतो."

आख्खी ओळ. ताई त्या रात्री उपाशी झोपली असती तरी तिला कळलं नसतं.

काम दोनशे अकराव्या तक्त्यापर्यंत सुरळीत चाललं. वाटेत राघूच्या हस्तलिखितातल्याच सात चुका ताईनं काढल्या, त्यानं त्या मुकाट दुरुस्त केल्या आणि त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. दोनशे अकराव्याच्या तिसऱ्या ओळीवर लवंगकाका वाचत होते, "एच, ए, आय टोपी, टी." ताईची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

"पुन्हा वाचा."

"एच, ए, आय टोपी, टी. तिसरी ओळ आहे, टोपी असणारच. तुम्हीच शिकवलंत."

"इथं नसते."

इथं नसते हे ताईला असं माहीत होतं जसं आपल्या घराचं दार माहीत असतं. आई गेली त्याच्या अकराव्या दिवशी राघूची परीक्षा होती. आदल्या संध्याकाळी ताई पुस्तक धरून बसली होती आणि राघू एकेक क्रियापद उरकत या क्रियापदापाशी आला. याचं रूप कानाला पडतं ते असं: आईस, आईस, आई. पहिलं 'आईस' त्यानं म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि तिसरं तोंडातून फुटेना. ताईनं पुस्तकातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं, भाजी करपेपर्यंत. मग राघूच नाक ओढून म्हणाला होता, "ताई, बघ, इथं टोपी नाहीये. दोन टिंबं आहेत. यातले एच आणि टी मुके. फ्रेंचमध्ये ए आणि आय ही अक्षरं शेजारी बसली की एकमेकांत मिसळून त्यांचा उच्चार 'ए' होतो. ही टिंबं दोघांना वेगळं धरतात, म्हणून 'आई' ऐकू येतं. टिंबांची जागा टोपीनं घेतली की आई जाते, नुसता 'ए' राहतो."

ताईनं प्रुफाच्या कडेला लिहिलं, 'टोपी नव्हे, दोन टिंबं. लेखकानं पाहावं.'

राघू दुसऱ्या दिवशी आला तोच घाईत. आत शिरताना छताला डोकं आपटलं, त्यामुळे तो अजूनच वैतागला.

"ताई, हे काय? तिसऱ्या ओळीला टोपी असते, हे तूच गावभर सांगत असतेस ना?"

"या एकीला नसते. तूच सांगितलं होतंस, परीक्षेच्या आदल्या दिवशी. आई गेली तेव्हा."

"मी? कधी? अगं, तेव्हा मी पोर होतो. मी पंधरा वर्षं शिकवतोय हे."

"एकदा पुस्तकात बघून घे की. नाहीतरी जाता जाता ग्रंथालय लागतं."

राघूनं लवंगकाकांकडे पाहिलं. तिऱ्हाइतासमोर चूक दाखवलेली कुठल्याही प्राध्यापकाला सोसत नाही, त्यात दाखवणारी आठवी नापाससुद्धा नव्हे, आठवी अर्धवट. त्यानं खिशातून लाल शाईचं पेन काढलं, ताईची ओळ खोडली, 'टोपी कायम' असं लिहून खाली सही ठोकली आणि तारीख घातली.

"तू टिंबं-काड्या मोज, ताई. भाषा माझ्यावर सोड."

छापखान्याचा नियम असा की लेखकाची लाल सही पडली की पुढं कुणी टिंबसुद्धा हलवायचं नाही. ताईनं हलवलं नाही. शेवटचं प्रूफ आलं. त्यात ती आख्खी ओळ नव्हती. ताईनं पान उलटसुलट करून पाहिलं आणि पुढं सरकवलं. पुस्तक बांधून झाल्यावर राघू प्रत द्यायला आला तेव्हा आपणहून म्हणाला, "पान भरलं होतं गं. पुढच्या आवृत्तीत नक्की." प्रतीवर त्यानं लिहून दिलं होतं, 'सौजन्य भेट'. विद्यार्थ्यांना द्यायच्या प्रतींवर तो हेच लिहायचा, हात बसला होता.

चार महिन्यांनी शिक्षकांच्या एका मासिकात परीक्षण आलं. लिहिणारे एक निवृत्त वृद्ध मास्तर, आणि तेच नेमके विभागप्रमुख निवडणाऱ्या समितीवर. पुस्तकाचं त्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि शेवटी सुई टोचली: दोनशे अकराव्या तक्त्यातली टोपी पाहून हा तक्ता प्राध्यापकांनी लिहिला की त्यांच्या विद्यार्थ्यानं, असा प्रश्न पडतो. एवढंच वाक्य. पण कॉलेजात ते शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं.

राघू साहेबांना भेटून गेला. मग साहेबांनी ताईला वर बोलावलं.

"त्या फ्रेंच पुस्तकात शुद्धिपत्राची पट्टी चिकटवायचीय. मुद्रणदोष म्हणून. तुमची हरकत नाही ना?"

ताईनं बरोबर आणलेला त्या तक्त्याच्या प्रुफाचा कागद टेबलावर ठेवला. लाल शाई, सही, तारीख. साहेबांनी चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

"तुमचं बरोबर आहे, ताई. पण असं बघा, लेखकाला नाव असतं. ते राखावं लागतं. तुमचं काय, तुम्हाला बाहेर कोण ओळखतं?"

हे ते प्रेमानं म्हणाले. ताईनं कागद उचलला आणि ती जिना उतरली.

खाली लवंगकाका वाटच पाहत होते. "हा कागद पाकिटात घाला आणि त्या मास्तरांना पाठवा. पत्ता मासिकात आहे, मी लिहितो. अक्षर माझं, म्हणजे तुमच्यावर येणार नाही."

"आणि राघूची जागा?"

"जाईल. त्याच्या टोपीमुळे जाईल, तुमच्यामुळे नव्हे."

ताई कागद पिशवीत घालून घरी निघाली आणि चालता चालता राघूच्या दारात जाऊन उभी राहिली. भावजयीनं दार उघडलं. "या वन्सं. हे आतच आहेत. दोन दिवस जेवले नाहीत नीट." शेवटचं वाक्य ताईला ऐकू जावं म्हणूनच म्हटलेलं.

राघू टेबलाशी बसला होता. ताईनं कागद पिशवीतून काढला नाही, नुसती पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"सात चुका मी काढल्या, राघू. त्या कुणाला दिसल्या नाहीत. ही आठवी."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी बघितलं पुस्तकात." तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "सही करून बसलो होतो. परत येऊन त्या लवंगवाल्यासमोर काय सांगणार होतो? वाटलं, कोण बघतंय."

जुळाऱ्यांचंच वाक्य. ताईला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"तो माझ्या सहीचा कागद दे, ताई. पट्टीवर नुसतं 'मुद्रणदोष' लिहीन. कुणाचं नाव नाही, शपथ. एकदा जागा मिळू दे, मग दुसऱ्या आवृत्तीत..."

"त्या शब्दाचा अर्थ काय रे?"

"कुठल्या?"

"आईस, आईस, आई."

राघूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "द्वेष करणे. त्यानं द्वेष करावा अशी इच्छा होती, असं काहीतरी होतं ते त्या काळात. का? इतकी वर्षं म्हणून घ्यायचीस, तुला माहीत नव्हतं?"

"नाही. मला वाटायचं, आईचंच काहीतरी असेल."

भावजय चहा घेऊन आली आणि दोघांकडे पाहून तशीच परत गेली. ही जागा राघूला मिळाली नाही, तर ताईनं आठवीचं पुस्तक मिटलं ते कशासाठी, याचं उत्तर तिच्यापाशी दुसरं कुठलंच नव्हतं. राघू बरा माणूस निघाला नव्हता, निदान मोठा तरी निघावा. तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. राघूनं तो ड्रॉवरमध्ये सरकवला, ड्रॉवरला किल्ली लावली आणि मग म्हणाला, "जेवून जा ना."

"नको," ताई म्हणाली.

आठवड्यानं शुद्धिपत्राची पट्टी जुळून जिन्याखाली आली. चार ओळींची, बोटभर रुंद. तीही तपासायची, नियमच तसा. राघूच्या हातचा मजकूर लवंगकाकांच्या हातात, छापलेली पट्टी ताईच्या. काकांनी वाचायला सुरुवात केली. पृष्ठ अमुक, तक्ता दोनशे अकरा, ओळ तिसरी. एच, ए, आय, दोन टिंबं, टी. ताईनं खूण केली.

पुढची ओळ काकांनी मनात वाचली आणि कागद खाली ठेवला.

"वाचा ना."

"ताई, यात..."

"मजकूर आपला नाही, काका. वाचा."

काकांनी वाचलं. 'सदर दोष मुद्रितशोधक श्रीमती', आणि पुढं ताईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, 'यांच्या अनवधानामुळे राहिला असून लेखक त्यास जबाबदार नाही.' नाव त्यांनी नेहमीच्या रीतीनं वाचलं, एकेक अक्षर सुटं करून, काना कुठं, वेलांटी पहिली की दुसरी, सगळं सांगत. मध्ये थांबून त्यांनी नवी लवंग तोंडात टाकली आणि आडनाव पुरं केलं. ताई पेन्सिलीचं टोक अक्षराखालून नेत होती. तिचं आख्खं नाव खिळ्यांत जुळवलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. अक्षरं ठळक होती, वरची मात्राही फुटलेली नव्हती. जुळाऱ्यानं नवे खिळे वापरले होते.

ती पुन्हा पहिल्यापासून आली. एखादी वेलांटी चुकलेली असावी, एखादं टिंब पडलेलं, अनवधानातला एखादा 'न' उलटा लागलेला, म्हणजे ही पट्टी आज तरी परत जाईल, असं वाटून तिनं तिसऱ्यांदा पाहिलं, नखानं ओळ दाबून धरून.

"काही सापडलं का?" काकांनी विचारलं. त्यांनाही सापडायला हवं होतं.

"नाही. एकही चूक नाही."

तिनं खाली लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि सही केली. त्या पट्टीच्या हजार प्रती निघाल्या. बांधणीखात्यातल्या बायकांनी दोन दिवस बसून हजार पुस्तकांत त्या चिकटवल्या, आणि त्यांना अक्षरओळख नसल्यामुळे, जाता जाता जी ती ताईच्या टेबलाशी थांबून म्हणाली, "ताई, तुमचं नाव आलंय म्हणे पुस्तकात."

"आलंय," ताई म्हणायची आणि पुढचं प्रूफ ओढायची.